उन्हातली सायकल: नुसतं पाणी पुरत नाही

उन्हात सायकल चालवताना भरपूर पाणी प्या, असं बरेच जण सांगतात. ते खरंच आहे, पण घामातून सोडियमही जातं. राइड दोन-तीन तासांची असेल तर एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं पाणी ठेवाच. तासन्‌तास साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पितो. हे फार धोक्याचं.

चढावर जास्त जपा. सपाटीवर वाऱ्याने घाम वाळतो आणि अंग थंड राहतं; चढावर वेग घटतो, वारा लागत नाही, श्रम मात्र वाढतात. हलका गिअर टाका, मान आणि बाह्या ओल्या करा. हवा दमट असेल तर याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा अंतरच कमी करा.

शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात.

सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. सावलीत आडवं करून अंगावर गार पाणी ओतत राहा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.