मदत हवी आहे: आउटबोर्ड इंजिन डायनोवर २४०० आरपीएमला गुरगुरतं

मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) ओव्हरहॉल करून एडी करंट डायनोवर, म्हणजे इंजिनावर भार टाकून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवलंय. २३०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात शाफ्ट असा गुरगुरतो की जवळ उभं राहवत नाही. २८०० च्या वर सगळं शांत. इंजिन आणि डायनो जोडणाऱ्या कपलिंगची दोन रबरं फाटली, स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) तांबूस भुकटी दिसते. अलाइनमेंट डायल गेजने दोनदा बघितलं, ठीक आहे.

एका फेरीत दोन स्फोट, म्हणजे २४०० ला ८० हर्ट्झ, सेकंदाला ८० धक्के. शाफ्टची पिळाची नैसर्गिक वारंवारता (ज्या लयीत तो स्वतःहून पिळत-सुटत थरथरतो ती) तिथेच बसत असावी. होडीवर हा त्रास नव्हता. तिथे टोकाला हलका पंखा आणि कंपन जिरवायला पाणी, इथे डायनोचा जड रोटर.

नरम रबराचं कपलिंग टाकून वारंवारता आयडलच्या (भार नसतानाच्या सर्वात कमी वेगाच्या) खाली न्यावी का? रबर तापून लवकर जाईल अशी धास्ती वाटते. शाफ्ट जाड केला तर वारंवारता वर सरकून नेमकी कामाच्या वेगात येईल. दातेरी चाक आणि मॅग्नेटिक पिकअप (चाकाचे दात टिपणारा चुंबकी सेन्सर) लावून पिळाचं कंपन कोणी मोजलंय का? ठाणे-नवी मुंबईत कोणाकडे असेल तर मी येऊन बघतो. काकांना नारळी पौर्णिमेआधी इंजिन हवंय, रोज फोन येतो.