आयडियल कॉलनीच्या गल्ल्या म्हणजे मेट्रोचा वाहनतळ नव्हे

चौथा_मजला:
पुण्यात कोथरूडला, पौड रस्त्यालगतच्या गल्ल्यांमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी साडेआठपासून दुचाकी यायला लागतात आणि साडेनवाच्या आत दोन्ही कडा भरतात. गाडी लावायची, हेल्मेट डिकीत कोंबायचं, हँडल लॉक मारायचं आणि मेट्रोच्या जिन्याकडे पळायचं. मालक किंवा मालकीण उगवणार ती थेट संध्याकाळी सातनंतर.

गाडी लावतात म्हणून राग नाही, कशी लावतात त्याचा आहे. गेटच्या अर्ध्या तोंडावर, विजेच्या डीपीच्या दारासमोर, घंटागाडीला वळायला लागतं नेमक्या त्या कोपऱ्यावर. हँडल लॉक असल्यामुळे वॉचमनला ती वीतभरही सरकवता येत नाही. उचलून सरकवलीच तर संध्याकाळी 'आरसा कोणी वाकवला' म्हणून त्याच्याच अंगावर ओरडतात. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना डायलिसिसला न्यावं लागतं. परवा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडकली, कारण वळणावर एक पांढरी चारचाकी उभी आणि तिच्या शेपटीला तिरक्या लावलेल्या स्कूटर. आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. चारचाकीच्या काचेवर फोन नंबरसुद्धा नव्हता.

मेट्रोनं जा, कौतुकच आहे. पण गाडी कुठे लावणार हा विचार घरून निघताना करायला हवा. माझी मागणी सरळ आहे: स्टेशनलगतच्या गल्ल्यांमध्ये सकाळी आठ ते रात्री आठ फक्त रहिवाशांच्या गाड्या. स्टिकर द्या, बाकीच्या उचला.

भूगाववाला:
तुम्ही म्हणताय त्या, गल्लीत गाडी लावून मेट्रोनं जाणाऱ्यांपैकी मी एक. गेटसमोर लावणाऱ्याची बाजू घेणार नाही, तो मूर्खच. पण स्टिकरची कल्पना ऐकून हसू आलं.

मी आधी गाडीनं थेट येरवड्याला जायचो. म्हणजे कर्वे रस्ता, डेक्कन, संचेती, बंडगार्डन, सगळीकडच्या गर्दीत माझी एक गाडी. मेट्रो आल्यावर ती गाडी वनाझ-आनंदनगर स्टेशनांच्या आसपास थांबायला लागली. म्हणजे शहरभर त्रास देणारी गाडी आता दिवसभर एका जागी गप्प उभी असते, आणि तरीही आम्हीच गुन्हेगार.

'रिक्षानं या' असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून हिशोब आधीच मांडतो. सप्टेंबर २०२२ च्या दरानं पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. स्टेशन घरापासून चार किलोमीटर असेल तर ६७-६८ रुपये, तेही मीटरनं येणारा भेटला तर. मेट्रोच्या तिकिटापेक्षा मेट्रोपर्यंत पोचण्याचंच भाडं जास्त. येताना पुन्हा तेवढेच. ज्याला हे परवडतं तो मेट्रोनं कशाला जाईल?

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एक पार्किंग असेल. घरात गाड्या किती? दुसरी गाडी रात्री कुठे झोपते?

खवचट_पेठकर:
दुसरी गाडी रस्त्यावर, तिसरी भाच्याच्या नावावर, आणि इमारतीखालच्या पार्किंगमधल्या हक्काच्या जागेत दिवाळीचा आकाशकंदील, जुनी गादी, नातवाची सायकल.

चौथा_मजला:
भूगाववाले, आमच्या घरी एकच चारचाकी आहे आणि ती आतच असते. सगळ्यांना एका मापानं मोजू नका. आणि रहिवाशाची गाडी रस्त्यावर असली तर तो माणूस तरी समोर राहतो. बेल वाजवली की खाली येऊन काढतो. तुम्ही त्या वेळी येरवड्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये असता. फरक आहे की नाही?

वकील_कोथरूड:
दोन्ही बाजूंना न आवडणारं थोडंसं.

गेटची वाट अडवणं हा सरळ गुन्हा आहे. २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमांत प्रवेशद्वारासमोर, फूटपाथवर, पादचारी पट्ट्यावर गाडी लावायला मनाई आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून अशा चुकीला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केल्यास १५०० रुपये दंड आहे. वळणावर धोकादायक रीतीनं उभी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ लागतं, आणि गाडी उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ खाली आहे. तेव्हा रुग्णवाहिकेच्या प्रसंगात चौथा_मजला यांचं शंभर टक्के बरोबर.

पण कंपाउंड वॉलच्या बाहेरचा रस्ता महापालिकेचा. तिथे सोसायटीनं ठेवलेल्या कुंड्या, रंगवलेले दगड, दोन खांबांमध्ये अडकवलेली साखळी, 'फक्त सभासदांसाठी' हा फलक, या सगळ्याला कायद्यात काडीची किंमत नाही. उलट १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली ते अतिक्रमण म्हणून उचलता येतं. नो-पार्किंगची अधिसूचना वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात, सोसायटीची सर्वसाधारण सभा नव्हे. स्टिकरचा ठराव तुम्ही हवा तेवढ्या बहुमतानं करा, तो गेटच्या आतपुरता.

आयडियल_१९८५:
कायदा राहू द्या हो बाजूला. आमच्याकडे एक साधा उपाय आहे: दोन्ही चाकांची हवा. तीनदा झालं की माणूस परत येत नाही.

वकील_कोथरूड:
तीनदा झालं की माणूस सीसीटीव्हीचं फूटेज घेऊन चौकीत जातो, काका. दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये बसते. ५०० च्या चलनासाठी स्वतःवर गुन्हा कशाला नोंदवून घेता?

आयडियल_१९८५:
म्हणजे त्यांनी गेट अडवलं तर चलन, आणि मी हवा सोडली तर पोलीस केस. वा!

दुकान_तळमजला:
या भांडणात तिसराही एक पक्ष आहे. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, समोर चार-पाच दुचाकींची जागा. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, गाडी लावायचं, वह्या-पेन घेऊन पाच मिनिटांत निघायचं. दिवसभरात त्या एवढ्याशा जागेत कितीतरी माणसं येऊन जायची. आता सकाळी मी शटर वर करतो तेव्हाच जागा भरलेली असते, ती रात्रीपर्यंत. गिऱ्हाईक गाडीवरूनच आत डोकावतं आणि पुढे जातं.

मला रहिवासी स्टिकरही नको. रहिवाशाची गाडी तर दोन-दोन दिवस हलत नाही. मला पाहिजे ती वेळेची मर्यादा. एक तास फुकट, पुढे तासाला पैसे. मेट्रोवालाही नाही टिकणार आणि कापड घातलेली जुनी सँट्रोही नाही.

भूगाववाला:
पे अँड पार्क? पुण्यात? शुभेच्छा.

सम_विषम:
दुकानदारांचं म्हणणं या धाग्यातलं सगळ्यात शहाणं आहे, म्हणून ते होणार नाही.

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं. त्याच सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची, छत्तीस लाखांवर पोचल्याची बातमी होती. मूळ प्रस्ताव शहरभर शुल्क घेण्याचा होता. विरोध इतका झाला की तो पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापर्यंत आकसला, आणि पुढे कैक वर्षं तोही फायलीबाहेर आला नाही. विरोध कुणी केला? सगळ्यांनीच. दुकानदारांनी, रहिवाशांनी, नोकरदारांनी, विरोधी पक्षांनी. आज या धाग्यावर एकमेकांशी भांडणारे सगळे तेव्हा एका बाजूला होते.

केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात स्वच्छ लिहिलंय की पार्किंगचं शुल्क त्या जमिनीच्या किमतीला साजेसं असावं. कोथरूडात एक चारचाकी साधारण बारा चौरस मीटर जागा व्यापते. तेवढीच जागा दिवसभरासाठी कुणी भाजी विकायला मागू द्या, किती ठिकाणची परवानगी लागते बघा. गाडी उभी करायला मात्र काहीच लागत नाही. मग ती मेट्रोवाल्याची असो नाहीतर चौथ्या मजल्यावरची.

आणि ज्यांना वाटतं की पाट्या लावून भागेल, त्यांनी पी-१ पी-२ आठवावं. विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. सकाळी घाईत असलेल्या माणसाला तारीख आठवत नाही. ३१ नंतर १ आली की दोन दिवस सलग एकाच बाजूला लावायची असते, तेव्हा तर भलेभले चुकतात.

चौथा_मजला:
'मग ती चौथ्या मजल्यावरची असो' हा टोमणा कळला. घ्या शुल्क, मी भरीन. पण शुल्क भरलं म्हणून गेट अडवायचा परवाना मिळत नाही ना? माझा मूळ मुद्दा तिथेच आहे आणि तुम्ही सगळे मला जमिनीचे भाव शिकवताय.

रात्रपाळी_रूबी:
मी नर्स आहे. कधी पहाटे जाते, कधी रात्री उशिरा परतते. गाडी स्टेशनजवळच्या गल्लीत लावते, आणि लावणार. 'जरा लांब लावा, दहा मिनिटं चाला' हे दिवसा ठीक आहे. रात्री त्या दहा मिनिटांत गल्लीतला एक दिवा चालू आणि तीन बंद असतात. मी गेट कधीच अडवत नाही, पण माझ्या सीटवर दोनदा चिठ्ठी मिळाली: 'ही जागा तुमच्या बापाची नाही'. खरंय, नाही. लिहिणाऱ्याच्याही नाही.

आयडियल_१९८५:
चिठ्ठीची भाषा चुकीचीच. पण ताई, तुमच्यासारखी नीट लावणारी शंभरात एखादी.

पायी_पायी:
एवढं वाचलं. गेट, दुकान, रहिवासी, मेट्रोवाले, सगळे आले. फूटपाथवरून चालणारा कुणालाच आठवला नाही. तुमची भांडणं रस्त्याच्या कडेवरून चालली आहेत, कारण फूटपाथ गाड्यांचाच हे सगळ्यांनी केव्हाच मान्य केलंय. महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे. तरी मी सासूबाईंना घेऊन रोज संध्याकाळी बागेत जाते ती भर रस्त्यातून, मागून येणाऱ्या बसचा हॉर्न ऐकत. फूटपाथवर लावलेल्या गाड्यांमध्ये मेट्रोवाल्यांच्या आहेत, तशाच सोसायट्यांच्याही आहेत. एकीवर तर सोसायटीचा स्टिकरसुद्धा आहे.

खवचट_पेठकर:
बघा, स्टिकर योजना आधीच सुरू झाली.

भूगाववाला:
मुळात हे सगळं आपल्या गळ्यात का आलं? २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणात स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत पूरक वाहतुकीची हमी राज्यांकडून अपेक्षित आहे. पाच किलोमीटर! म्हणजे बावधन, वारजे सगळं आलं. या मार्गाचा पहिला टप्पा वनाझ ते गरवारे कॉलेज ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, रामवाडीपर्यंत तो मार्च २०२४ मध्ये पोचला. पौड रस्त्यावरची स्टेशनं रस्त्याच्या डोक्यावर आहेत, खाली वाहनतळाला जागाच नाही. मग गाड्या गल्लीत शिरणार नाहीत तर जातील कुठे? घरापासून स्टेशनपर्यंत दर दहा मिनिटांनी छोटी बस द्या. पीएमपी बसचं किमान तिकीट जून २०२५ पासून १० रुपये झालंय, तेही देईन. माझी गाडी भूगावातच राहील.

सम_विषम:
जून २०२५ मध्येच केंद्रानं वनाझ ते चांदणी चौक हा वाढीव मार्ग मंजूर केला. तो झाला की तुमच्या गाड्या बावधनच्या गल्ल्यांमध्ये जातील आणि हाच धागा तिकडचा कुणीतरी काढेल.

वकील_कोथरूड:
मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवू देणार नाही. जपानात असा कायदा १९६२ पासून आहे. आपल्याकडे आला तर मेट्रोवाल्यांच्या आधी सोसायट्यांमध्ये पळापळ होईल. ज्यांच्या पार्किंगमध्ये क्लिनिक आणि ब्यूटी पार्लर उघडलीत त्यांची तर जास्तच.

आयडियल_१९८५:
आमच्याकडे क्लिनिक आहे. डॉक्टर चांगले आहेत, त्यांना मध्ये आणू नका.

चौथा_मजला:
बस येईल तेव्हा येईल, कायदा येईल तेव्हा येईल. उद्या सकाळचं बोलते. आम्ही सोसायटीतर्फे वाहतूक शाखेला अर्ज देतोय: गल्लीच्या तोंडाशी वळणाच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक गेटसमोर पिवळे पट्टे, आणि तेवढ्याच भागात कडक टोईंग, गाडी कुणाचीही असो. वकीलसाहेब, मसुदा बघून द्याल का? स्टिकरची मागणी मात्र मी सोडलेली नाही, ती वेगळ्या अर्जात.

वकील_कोथरूड:
पाठवा. अर्जासोबत गल्लीचा नकाशा आणि वळणाचे फोटो जोडा. आणि अर्ज देण्याआधी तुमच्या गेटबाहेरच्या कुंड्या आत घ्या, पाहणीला आले तर पहिला फोटो त्यांचाच काढतील.

भूगाववाला:
पट्ट्यांना माझा पाठिंबा, सही हवी असेल तर करतो. आठ ते आठ स्टिकर लावलात तर मात्र मी पावणेआठला येऊन लावणार.

चौथा_मजला:
या की. साइड स्टँडवर नको, मेन स्टँडवर लावा, शेजारी अजून एक बसते. आणि सीटवर फोन नंबर चिकटवून ठेवा.