मदत हवी आहे: बाबा मॉर्फिनची गोळी घेत नाहीत

नमस्कार मंडळी,
बाबा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर आता कमरेच्या हाडांत उतरलाय. ट्रामाडॉल या दुखण्याच्या गोळीने भागेना, म्हणून डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात मॉर्फिन सुरू केलं, दर ४ तासांनी १० मिलिग्रॅम. काल चादर बदलताना उशीच्या खोळीत सहा गोळ्या सापडल्या, वर्तमानपत्राच्या कपट्यात नीट गुंडाळलेल्या. विचारलं तर म्हणाले, "मॉर्फिन कधी देतात ते मला माहितेय."

काका म्हणतात, व्यसन लागेल, सहन होतंय तोवर राहू दे. पण सहन कुठे होतंय? रात्री कूस बदलताना खाटेची कड इतकी घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात, आणि मी दारात दिसले की झोपल्याचं सोंग घेतात. सुरुवातीला गोळ्या घेतल्या तेव्हा तीन दिवस पोट साफ झालं नाही, त्याचाही धसका घेतलाय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा ना, कसं समजावलंत?

प्रतिसाद:
ताई, आईच्या वेळी आम्हीही इथेच अडलो होतो. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. शरीराला सवय होते, म्हणून ते अचानक तोडायचं नाही, एवढंच. आणि हे फक्त शेवटच्या दिवसांचं औषध नाही हे बाबांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितलंय की कॅन्सरच्या दुखण्याचं औषध घड्याळ बघून द्या, कळ येण्याची वाट बघू नका.

गुंगी बहुतेकांची काही दिवसांत उतरते, पण बद्धकोष्ठता आपोआप जात नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीपासूनच लागतं, ते आजच मागून घ्या. हाडाच्या दुखण्याला रेडिएशनने, कधीकधी एकाच बैठकीत, चांगला उतार पडतो, तेही विचारा. राहिलेल्या गोळ्या भरपाई म्हणून एकदम देऊ नका. इतके दिवस नेमकं किती पोटात गेलं ते डॉक्टरांना खरं सांगा. खूप पेंगले, श्वास मंदावला तर लगेच दवाखाना गाठा.

मुंबईत टाटा हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह (म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा) विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं तसंच केंद्र. आम्हाला तिथल्या नर्सने रोज ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा (० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य) विचारायला शिकवलं होतं. विचारून बघा.

धागाकर्ती:
विचारला. बराच वेळ छताकडे बघत राहिले, मग म्हणाले, "आठ." आजवर मला "बरंय" एवढंच सांगत होते. वहीत लिहून ठेवलाय. सकाळी डॉक्टरांना फोन करते.