मदत हवी आहे: ओएसपीएफचे रूट रिपमध्ये निम्मेच जातात

टॉवेल_नेट
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. जुन्या शेडमध्ये रिप, नव्या बिल्डिंगमध्ये ओएसपीएफ (राऊटर एकमेकांना रस्ते, म्हणजे रूट, सांगतात त्या दोन पद्धती). मधल्या सिस्को राऊटरवर दोन्हीकडून रीडिस्ट्रिब्यूट केलंय (एकीचे रूट दुसरीत सोडलेत), मेट्रिकही (रूटची किंमत) दिलंय. नव्या बाजूला जुने रूट सगळे दिसतात, जुन्या बाजूला नवे निम्मेच. जुन्या शेडमधल्या डाइंगच्या पीसीवरून ईआरपी (कारखान्याचा कारभार चालतो ते सॉफ्टवेअर) उघडत नाही, पण नव्या ऑफिसचे पीसी पिंग होतात! कॉन्फिग बरोबर आहे, बघून झालंय. रात्रपाळीच्या आत चालू पाहिजे, शेठ डोक्यावर बसलेत.

पार्क_चौक
निम्मे म्हणजे कोणते? मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा, /२४ वगैरे) काय आहेत? रिपचं व्हर्जन १ की २?

कडक_भाकरी
ओएसपीएफखाली रिप आणताना 'सबनेट्स' टाकलं नसणार. ते नसलं की सबनेट (नेटवर्कचे तुकडे) जातच नाहीत, फक्त मेजर नेटवर्क (अख्खं मूळ नेटवर्क) जातं. सगळे इथंच अडकतात.

टॉवेल_नेट
@कडक_भाकरी ती उलटी दिशा झाली. नव्या बाजूला सगळे दिसतात असं लिहिलंय की वर.
@पार्क_चौक सगळं १७२.१६ मधलंच आहे. मास्कचा काय संबंध?

पार्क_चौक
मालक, सगळा संबंध मास्कचाच आहे. टाका.

टॉवेल_नेट
जुनं: १७२.१६.१, २, ३, सगळे /२४.
नवं: ऑफिस १७२.१६.२१.०/२४, सीसीटीव्ही १७२.१६.२२.०/२६, ईआरपी १७२.१६.२२.६४/२६, लिंक १७२.१६.२०.०/३०.
जुन्या शेडच्या राऊटरच्या डब्यात फक्त २१ येतो. आणि नव्या राऊटरचा लूपबॅकही (त्याचा स्वतःचा आभासी पत्ता) येतो, तो तर /३२ आहे. म्हणून म्हणतोय मास्कचा प्रश्न नाही.

हैदराबाद_रिटर्न
२०२५ साली रिप १ कोण चालवतं बे? व्हर्जन २ करा, दोन ओळींचं काम. अपडेटमध्ये मास्क जातो, विषय संपला.

टॉवेल_नेट
डाइंग मशीनवाल्यांनी दिलेला डबा आहे, त्याला १ च येतं. बदलायचा तर मशीन बंद ठेवावं लागतंय. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत.

उजनी_लाइन
पाण्याचे वांधे असलेल्या गावात डाइंगवाले मशीन बंद ठेवतील होय! बाय द वे, सात रस्त्याला घरी वायफाय वरच्या मजल्यावर येत नाही. कोणता राऊटर घेऊ?

पार्क_चौक
@उजनी_लाइन वेगळा धागा काढा.

@टॉवेल_नेट रिप १ (त्याचा स्टँडर्डचा कागद आरएफसी १०५८, १९८८) च्या अपडेटमध्ये मास्कला जागाच नाही. घेणारा राऊटर आपल्या इंटरफेसचा (पोर्टचा) मास्क धरतो. म्हणून पाठवणारा आधी बघतो: रूट त्याच मेजर नेटवर्कातला आहे का, आणि मास्क बाहेर जाणाऱ्या इंटरफेसशी जुळतो का? जुळला तर पाठवतो, नाही तर गुपचूप गाळतो. एररही येत नाही. तुमचा जुन्या शेडकडचा इंटरफेस /२४, म्हणून २१ गेला. /२६ आणि /३० राहिले. लूपबॅक हा अपवाद: ओएसपीएफ तो /३२ म्हणून सांगतं आणि /३२ होस्ट रूट (एकाच पत्त्याचा रूट) रिपला चालतो.

कडक_भाकरी
मग एवढा खटाटोप कशाला? 'डीफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट' मारा रिपमध्ये. माहीत नसलेलं सगळं मधल्या राऊटरकडे येईल.

टॉवेल_नेट
ते कालच करून बघितलं. इंटरनेट चालू झालं, ईआरपी नाही.

हैदराबाद_रिटर्न
होणारच नाही. डबा क्लासफुल लुकअप करत असणार. १७२.१६ चे काही सबनेट त्याच्याकडे आहेत, म्हणून त्यातला अनोळखी पत्ता तो डीफॉल्टला देत नाही, टाकून देतो. सिस्कोवर हे टाळायला 'आयपी क्लासलेस' असतं, तुमच्या डब्यात असलं कुठलं. व्हर्जन २ च उपाय.

पार्क_चौक
भाऊ, तो डबा २ बोलत नाही हे सांगून झालंय. व्हर्जन २ चं तुणतुणं बंद करा. मधल्या राऊटरवर हे टाका:

आयपी रूट १७२.१६.२२.० २५५.२५५.२५५.० नल०
राऊटर रिप
रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक मेट्रिक १

हा /२४ जुन्या शेडकडच्या इंटरफेसशी जुळतो, म्हणून रिप तो पाठवतं. तुमच्याकडे आधीचे स्टॅटिक असतील तर रूट-मॅप (कोणते रूट जावेत ती गाळणी) लावा, नाहीतर तेही जातील.

कडक_भाकरी
नल० (पॅकेट टाकून देणारा खोटा इंटरफेस) ला पाठवलं तर सगळा ट्रॅफिक खड्ड्यात जाईल ना!

पार्क_चौक
नाही. मधल्या राऊटरकडे ओएसपीएफचे /२६ आहेतच. जास्त लांब मास्क जिंकतो, पॅकेट ईआरपीकडेच जातं. /२६ पडला तरच नल० ला जाईल, आणि तेव्हा जायलाच पाहिजे.

हैदराबाद_रिटर्न
ओएसपीएफमध्ये एरिया रेंज (एरियातले छोटे रूट एकत्र करून एकच मोठा, म्हणजे समरी, सांगणं) दिली असती तर स्टॅटिक लागलाच नसता. तो /२४ समरी आपोआप टेबलात येतो.

पार्क_चौक
ते एबीआरवर (दोन एरिया जोडणाऱ्या राऊटरवर). यांचा राऊटर एकाच एरियात दिसतोय. बाकी रिपमध्ये 'नेटवर्क १७२.१६.०.०' दिलं की ओएसपीएफकडचा इंटरफेसही आत येतो, तो पॅसिव्ह करा (तिकडे रिपचे अपडेट जाऊ देऊ नका). दोन्ही बाजू जोडणारा राऊटर हा एकच ना?

टॉवेल_नेट
ईआरपी उघडलं!! सीसीटीव्हीपण दिसतोय. अपडेट ३० सेकंदांनी जातं म्हणून जरा थांबावं लागलं.
राऊटर अजून एक आहे, बॅकअपचा. केबल काढून ठेवलीय. आता लावू का?

पार्क_चौक
थांबा! तिथंही दोन्हीकडून रीडिस्ट्रिब्यूट असेल तर एकाचे रूट दुसऱ्याकडून परत फिरून येतील, लूप होईल. आधी दोन्हींवर डिस्ट्रिब्यूट-लिस्ट (नको ते रूट गाळणारी यादी) लावा: रिपकडचे १, २, ३ ओएसपीएफमधून परत रिपमध्ये येता कामा नयेत, नवे रिपमधून परत ओएसपीएफमध्ये येता कामा नयेत. आणि तो नल० चा रूट दुसऱ्यावरही लागेल.

उजनी_लाइन
माझ्या वायफायचं कोणीच सांगितलं नाही.

कडक_भाकरी
@उजनी_लाइन स्लॅब आहे की पत्रा? राऊटर जिन्यात लावून बघा आधी.

टॉवेल_नेट
केबल राहू दे तशीच. रविवारी पाळी नसते, तेव्हा लिस्ट लावून मगच जोडतो.