मदत हवी आहे : पहिला लाँगबो घेताना ओढीचे वजन किती धरावे?

जाणकारांना नमस्कार.

मी गेली नऊ वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. माझे वय ४४ असून उंची ५ फूट ४ इंच आहे. दीड वर्षापूर्वी येथील एका तिरंदाजी क्लबात नवशिक्यांचा सहा आठवड्यांचा वर्ग पूर्ण केला आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा नियमाने सराव करते. सध्याचे धनुष्य रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) आहे, माझ्या ओढीला, म्हणजे मी दोरी जेवढी मागे खेचते तेवढ्या अंतराला, त्याचे वजन, म्हणजे खेचायला लागणारा जोर, २८ पाउंड भरते, आणि साइट (नेमाची खूण), स्टॅबिलायझर (तोल राखणारे दांडे), क्लिकर (ओढ पूर्ण होताच टिचकी वाजवणारी पट्टी) हे सगळे त्यावर चढवलेले आहे. आता मला हे सर्व बाजूला ठेवून साध्या लाकडी इंग्लिश लाँगबोकडे वळायचे आहे.

याचे खापर मी पोर्ट्समथच्या मेरी रोझ संग्रहालयावर फोडते. १५४५ साली सोलंट या सामुद्रधुनीत बुडालेली आणि १९८२ साली वर काढलेली ही युद्धनौका. तिच्यातून १३७ अखंड लाँगबो आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. पाहुणे आले की आम्ही त्यांना तेथे नेतो, त्यामुळे ती धनुष्ये मी आतापर्यंत पाच-सहा वेळा पाहिली असतील. पुरुषभर उंचीपेक्षाही लांब, मुठीपाशी मनगटाएवढी वाटणारी यू या झाडाच्या लाकडाची ती काठी पाहताना, हिला ओढणारा माणूस कसा असेल हा विचार दर वेळी मनात येतो. त्या धनुष्यांचे वजन अभ्यासकांनी १०० ते १८५ पाउंडांच्या दरम्यान काढले आहे. त्याच नौकेवरील काही सांगाड्यांच्या खांद्याच्या हाडांत जो फरक दिसतो, त्याचा संबंध कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढण्याशी असावा, असेही सुचवले गेले आहे. माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता आणि बरा व्हायला आठ महिने लागले, हे येथेच सांगून ठेवते.

वाचून आणि क्लबातील मंडळींना विचारून जे समजले ते असे. लाँगबोचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा असतो. लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, सपाट असते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, गोलसर असते. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. यूच्या झाडात सालीलगतचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतले तांबूस लाकूड दाब सोसते, म्हणून एकाच ओंडक्यातून दोन्ही कामे साधतात. चांगले यू महाग पडते, त्यामुळे पाठीला हिकरी किंवा बांबू, पोटाला लेमनवुड आणि मध्ये आणखी एखादे लाकूड अशा पट्ट्या चिकटवून केलेली धनुष्ये आता अधिक चालतात.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. क्लबातील एक ज्येष्ठ सभासद आपला जुना यूचा लाँगबो १२० पौंडांना देण्यास तयार आहेत. त्यावर २८ इंचांना ५० पाउंड असे लिहिले आहे. दुसरा पर्याय म्हणजे कारागिराकडून तीन पट्ट्यांचा नवा लाँगबो करून घेणे, ज्याला सुमारे २२० पौंड पडतील. तिसरा, पाठीपोटाला फायबरग्लास असलेला आणि बाण ठेवायला कप्पा कापलेला अमेरिकन पद्धतीचा लाँगबो, जो १८० पौंडांत घरपोच मिळतो. सोबतचे बहुतेक पुरुष सभासद ४५ ते ५५ पाउंड ओढतात, आणि ३५च्या खाली ‘तो लाँगबो कसला’ असे अधूनमधून ऐकू येते. यूच्या त्या धनुष्यावर माझे मन बसले आहे हे मान्य करते, परंतु मन बसणे आणि खांदा टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २८ पाउंडांच्या रिकर्व्हवरून थेट ५० पाउंडांच्या लाँगबोवर जाणे शहाणपणाचे आहे का? नसल्यास नवा बनवून घेताना कारागिराला नेमके काय सांगावे? जुने लाकडी धनुष्य घेण्यापूर्वी काय पाहावे, याबद्दलही कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (डर्बीशायरहून)

ताई, मी बारा वर्षे लाँगबो चालवतो आणि पहिला लाँगबो चुकीचा घेतलेल्यांपैकी एक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम आपल्या ओढीची लांबी मोजून घ्यावी. धनुष्यावर लिहिलेले ५० पाउंड हे २८ इंच ओढल्यावरचे आहेत. आपल्या उंचीला ओढ २६ इंचांच्या आसपास यावी, आणि या जातीच्या धनुष्यात शेवटच्या प्रत्येक इंचाला साधारण अडीच पाउंड धरले, तर आपल्या हाती ते ४५च्या जवळ जाईल. याचा अर्थ ते हलके झाले असा मात्र घेऊ नये. रिकर्व्हवर हनुवटीखाली हात टेकवून क्लिकरची टिचकी वाजेपर्यंत ओढण्याची आपल्याला सवय आहे. लाँगबोवर क्लिकर नाही, आणि जड धनुष्य हाती आले की पहिल्या डझनानंतर ओढ नकळत अर्धा-पाऊण इंच आखूड होऊ लागते. बाण कधी वर, कधी खाली जातात, तिरंदाज नेमाला दोष देतो, आणि खरे कारण खांद्याने केव्हाच हात टेकलेले असतात हे असते. मी पूर्ण एक उन्हाळा असा घालवला आहे.

आखडलेला खांदा पाहता, आपल्या स्वतःच्या ओढीला ३२ ते ३४ पाउंड यापलीकडे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. लाँगबो त्याच वजनाच्या रिकर्व्हपेक्षा बाण हळू फेकतो, आणि लाकडी बाणही जड असतो, हे खरे. तरीही नॅशनल राउंड या स्पर्धाप्रकारातील ६० आणि ५० यार्डांच्या अंतरांना एवढे वजन पुरते. फक्त नेम सोनेरी वर्तुळाच्या बराच वर धरावा लागतो. पुरुषांच्या क्लाउटसाठी, म्हणजे दूरच्या झेंड्यावर बाण सोडण्याच्या प्रकारासाठी, १८० यार्डांवरच्या झेंड्यापर्यंत बाण पोचवावा लागतो, तेथे हलके धनुष्य अपुरे पडते, आणि आपल्या क्लबात ऐकू येणारा टोमणा बहुधा त्याच मैदानावरून आलेला आहे. तो मनावर घेऊ नये.

जुन्या धनुष्याबद्दल. मूळ मालकाची ओढ २८ इंच असेल आणि आपली २६, तर लाकडाला धोका नाही. उलट असते तर मी हात लावू नका म्हटले असते. दोरी उतरवून ते टेबलावर आडवे ठेवावे आणि टोके पोटाच्या बाजूला किती झुकली आहेत ते पाहावे. इंच-दीड इंच झुकाव वापरलेल्या लाकडी धनुष्यात सर्रास असतो आणि त्यात काही बिघडत नाही. मग दोरी चढवून मागे उभे राहावे : दोन्ही बाहू (धनुष्याचे मुठीच्या वरचे आणि खालचे भाग) सारखे वाकले आहेत का, आणि दोरीची रेघ मुठीच्या मधून जाते का? पाठीवर बोट फिरवून एखादा धागा उठला आहे का ते तपासावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोट. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात, विशेषतः गाठींच्या आसपास, लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या केसाएवढ्या सुरकुत्या दिसतात का ते नीट पाहावे. येथे त्यांना क्रिसल म्हणतात. तेथे लाकूड दाबाने चिरडले गेलेले असते आणि ते दुरुस्त होत नाही. शेवटी क्लबातील स्प्रिंगकाट्याला दोरी अडकवून, बरोबर आपल्या ओढीएवढे खेचून वजन घ्यावे. लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये.

प्रतिसाद (ओहायोहून)

वरील सर्व मान्य आहे, तथापि तिसऱ्या पर्यायाची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. फायबरग्लासचा अमेरिकन लाँगबो ऊन, पाऊस, थंडी यांची फारशी पर्वा करीत नाही, वर्षानुवर्षे वजन टिकवतो, आणि कप्पा असल्याने बाण हातावरून घासत जात नाही. जंगलातल्या वाटेवर मांडलेल्या थ्रीडी प्राण्यांवर (प्राण्यांच्या पुतळ्यांवर) नेम धरायचा असेल, तर मी दुसरे काही घेणार नाही. मात्र आपल्याला क्लबच्या लाँगबो गटातून स्पर्धा खेळायच्या असतील तर तो तेथे बसणार नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद (अमरावतीहून)

लाँगबोचा मला अनुभव नाही. शाळेत बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड हा तिरंदाजीचा प्रकार खेळलो आहे. एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच असावी. मे महिन्यात दुपारी धनुष्य उन्हात ठेवले की बाण खाली पडू लागत, आणि आमचे सर धनुष्य आधी सावलीत न्यायला लावत. आपल्याकडे तसे ऊन नसेल, पण बंद गाडीत किंवा हीटरशेजारी लाकूड ठेवू नये. सराव संपताच दोरी उतरवणे, आणि बाण न लावता दोरी कधीही न सोडणे, हे दोन नियम तर कुठेही लागू पडतात.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी मोजमाप केले. माझी ओढ पावणेसव्वीस इंच भरली, आणि यूच्या त्या धनुष्याने तेवढ्या ओढीला काट्यावर ४४ पाउंड दाखवले. झुकाव सव्वा इंच होता आणि दोन्ही बाहू सारखे वाकत होते, त्यामुळे पाच मिनिटे मी फार आनंदात होते. नंतर सांगितल्याप्रमाणे खिडकीशी नेऊन पोट पाहिले, तर खालच्या बाहूवर, एका गाठीच्या दोन बोटे वर, तीन बारीक आडव्या रेषा दिसल्या. धनुष्याच्या मालकांनाही त्या ठाऊक नव्हत्या. भिंग आणून बराच वेळ ते पाहत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले की हे आता मी कोणाला देणार नाही. चांगल्या माणसाशी व्यवहार होता, एवढे मात्र खरे.

अमेरिकन लाँगबोचा मोह मी सोडला आहे, कारण बाण हातावरून सोडण्यासाठीच तर हा खटाटोप आहे. नवा करून घेण्याचे ठरले. आता प्रश्न लांबीचा आणि बाणांचा. क्लबातील एक जण ६ फूट २ इंचांचे धनुष्य घ्या म्हणतात, आणि माझे रिकर्व्हचे कार्बन बाण त्यावर चालतील का, हेही विचारायचे आहे.

प्रतिसाद (डर्बीशायरहून)

ते धनुष्य सोडलेत हे उत्तम झाले. क्रिसल असलेली धनुष्ये कधी कधी वर्षानुवर्षे चालतात, पण ४४ पाउंडांना तो प्रयोग आपण करू नये.

६ फूट २ इंच आपल्यासाठी जास्त आहे. लांब बाहू कमी वाकले तर लाकूड सुरक्षित राहते, पण हालणारे वजन वाढते आणि बाण आणखी मंद होतो. येथील नियमाप्रमाणे बाण २७ इंचांहून लांब असेल तर धनुष्य किमान ५ फूट ६ इंच लागते, आणि कुठेही त्याची जाडी रुंदीच्या पाच अष्टमांशांपेक्षा कमी चालत नाही. कारागिराला हे माहीत असते, तरीही एकदा विचारून घ्यावे. माझ्या मते ५ फूट ८ इंच योग्य ठरेल. ‘२६ इंचांना ३३ पाउंड, आणि २७ इंचांपर्यंत ओढून पाहिलेले’ असे स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. नुसते ‘३३ पाउंड’ म्हटले तर ते २८ इंचांना धरून करतील, आणि आपल्या हाती २८ येईल. दोरी डॅक्रॉनची घ्यावी. न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याचा झटका साध्या लाकडी टोकांना सोसत नाही.

कार्बन बाण नकोत. लाँगबो गटात लाकडी बाण आणि खरी पिसे हाच नियम आहे, आणि हलका बाण लावला की उरलेली शक्ती धनुष्यालाच झेलावी लागते. एका पाउंडाला १० ग्रेन (बाणाच्या वजनाचे लहान एकक) या हिशेबाने आपला बाण किमान ३३० ग्रेनचा हवा. पाच षोडशांश इंच जाडीचा साधा पाइनचा बाण सहज तेवढा भरतो. लाँगबोला मध्यात खाच नसल्याने बाणाला मुठीला वळसा घालून जावे लागते, म्हणून तो फार ताठ असून चालत नाही : ३० ते ३५ पाउंड स्पाइनचा (बाणाच्या ताठपणाचे माप) एकच जुळवलेला संच मागवावा, आणि सगळी पिसे एकाच बाजूच्या पंखाची आहेत ना हे पाहावे. पिसाच्या पुढच्या टोकाला दोऱ्याची बारीक गुंडाळी करून घ्यावी, नाहीतर पहिल्याच दिवशी तर्जनीच्या सांध्यावर ओरखडा उमटतो. डाव्या हाताला पातळ चामडी हातमोजा मी आजही घालतो.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

काल कारागिराला फोन केला. पाठीला हिकरी, मध्ये पर्पलहार्ट, पोटाला लेमनवुड, लांबी ५ फूट ८ इंच, २६ इंचांना ३३ पाउंड, टोकांना शिंग. त्यांनी दहा आठवडे सांगितले आहेत. सुताराने ‘दोन दिवसांत’ म्हटले की आपण जसा हिशेब करतो तसाच येथेही करावा, असे क्लबातल्यांचे म्हणणे आहे, तेव्हा थंडीच्या सुरुवातीपर्यंत धरून चालते. बाण मात्र आधीच येतील, आणि तोपर्यंत त्यांच्या पिसांवर दोरा गुंडाळायचे काम मी घरी करून ठेवते.