‘सस्पीरिया’ दुसऱ्यांदा बघताना : सोसायटीच्या फिल्म ग्रुपवरची चर्चा

मकरंद (बी ३०२): मंडळी, येत्या शनिवारी क्लबहाउसमध्ये इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा १९७७ चा भयपट ‘सस्पीरिया’ लावतोय. बहुतेकांनी तो एकदा पाहिलाय, त्यामुळे हे मुद्दाम दुसऱ्यांदा बघणं आहे. इथल्या चर्चेत शेवटापर्यंत सगळं उघड होणार. ज्यांनी अजिबात पाहिलेला नाही त्यांनी हे मेसेज शनिवारनंतरच वाचा. सुरुवात ७:३० ला. सिनेमा ९८ मिनिटांचा आहे.

शिरीष (सेक्रेटरी): हॉल बुक केला आहे. रात्री १० नंतर आवाज चालणार नाही. १८ वर्षांखालच्या कुणालाही आणू नये.

नंदिनी (ए ६०१): शिरीषभाऊंचं वयाबद्दलचं म्हणणं कृपया मनावर घ्या. सगळ्यात क्रूर खून सिनेमाच्या सुरुवातीलाच आहे, तो शेवटाकडे राखून ठेवलेला नाही. ‘थोडा वेळ बसू दे, मग झोपायला पाठवते’ असं इथे करता येत नाही.

तन्वी (सी २०३): एक आक्षेप आधीच मांडते. दुसऱ्यांदा बघण्यासारखं कथेत उरतं काय? सूझी नावाची अमेरिकन मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गच्या नृत्यशाळेत येते. शाळा चेटकिणी चालवत असतात. ती मुख्य चेटकिणीला मारते आणि बाहेर पडते. इतकंच. नृत्यशाळा असून नाच जेमतेम, एका वर्गात सूझी चक्कर येऊन पडते तेवढाच काय तो लक्षात राहतो.

नंदिनी (ए ६०१): तन्वी, सांगाडा तेवढाच आहे, मान्य. पण पहिल्या खेपेला आपण ‘आता कोण मरणार’ यात गुंततो आणि कान बंद होतात. माझं म्हणणं असं की हा ऐकायचा सिनेमा आहे. आर्जेंतोने कोड्याचं उत्तर पहिल्या काही मिनिटांत, आपल्यासमोर, मोठ्याने सांगून टाकलंय. सूझी टॅक्सीतून उतरते, मुसळधार पाऊस, शाळेचं दार उघडतं आणि पॅट नावाची मुलगी आतल्या कुणाशी तरी काहीतरी बोलून धावत सुटते. तिचे शब्द गडगडाटात बुडतात. त्यात ‘गुपित’ आहे, ‘आयरिस’ आहे, निळं फूल फिरवायचंय हेही आहे. शेवटी शाळेची उपसंचालिका मादाम ब्लाँक हिच्या खोलीत भिंतीवर रंगवलेली आयरिसची फुलं दिसतात तेव्हा सूझीला ते आठवतं. ती निळं फूल फिरवते आणि दार उघडतं. म्हणजे किल्ली पहिल्याच दाराशी दिलेली होती.

त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट ऐका. सूझी बेल वाजवते तेव्हा इंटरकॉमवर एक मुलगी तिला आत घ्यायला नकार देते. पुढे पोहण्याच्या तलावात सारा कबूल करते की तो आवाज तिचा होता. सूझीची पुढे सगळ्यात जवळची होणारी मैत्रीण आपल्याला आधी ऐकू येते, दिसते नंतर. पहिल्या वेळी तो फक्त तुसडा आवाज वाटतो. दुसऱ्या वेळी त्यातली भीती कळते.

श्रीकांत (सी १०४): नंदिनीताई, कानांचा विषय निघालाच आहे तर त्याच्याही आधीपासून ऐका. म्युनिकच्या विमानतळावर सूझी बाहेर पडायच्या सरकत्या दाराकडे चालत येते. दार उघडलं की बाहेरचा वारा आणि गॉब्लिन या बँडचं संगीत आत येतं. दार मिटलं की दोन्ही बंद, फक्त विमानतळाचा साधा गलबला. असं आलटून पालटून होतं. मग कॅमेरा दाराच्या सरकत्या यंत्रणेवर अगदी जवळ जातो, काहीही कारण नसताना. दाराच्या आतलं जग शहाणं आणि बाहेरचं तिचं, चेटकिणीचं, हे एकही वाक्य न बोलता ठरून जातं. त्यानंतर सिनेमाभर प्रत्येक दार बघा.

मकरंद (बी ३०२): काका, मग शनिवारी आवाजाची सेटिंग कशी ठेवू? आपल्याकडे पुढचे दोन मोठे स्पीकर आणि मध्ये एक साउंडबार आहे.

श्रीकांत (सी १०४): साउंडबार काढून ठेव. दोघांचा आवाज किंचित मागेपुढे पोचला की संवाद घोगरे होतात. दोन स्पीकरच ठेव आणि प्लेअरच्या मेन्यूत ऑडिओ ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ कर. या सिनेमाचं मूळ मिश्रण चार वाहिन्यांचं आहे : डावी, मधली, उजवी आणि मागची एक. प्लेअर बहुवाहिनी आवाज पाठवत राहिला आणि अँप्लिफायरला दोनच स्पीकर जोडलेले असतील, तर मधली वाहिनी कुठेच वाजत नाही. संगीत दणदणीत आणि माणसं मुकी, ही तक्रार नेहमी येते, तिचं कारण हेच.

दुसरं, ‘नाइट मोड’, ‘व्हॉइस क्लिअर’ वगैरे सगळं बंद. ते मोठा आवाज दाबतात आणि बारीक आवाज वर आणतात. मग विमानतळाच्या दाराचा तो खेळच संपतो, कारण दार उघडं आणि बंद यातला फरक हाच तो खेळ आहे. व्हॉल्यूम पहिल्या संगीताला लावायचा नाही. टॅक्सीतलं सूझीचं आणि ड्रायव्हरचं बोलणं शेवटच्या रांगेत नीट ऐकू येईल इतका लाव आणि नंतर हात लावू नकोस. संगीत त्रास होईल इतकं मोठं वाटेल. ते तसंच बनवलेलं आहे.

तन्वी (सी २०३): भाषा कुठली लावणार? इटालियन सिनेमा इटालियनमध्येच बघावा असं मला वाटतं.

नंदिनी (ए ६०१): एरवी मीही तेच म्हटलं असतं, पण इथे इंग्रजी लाव मकरंद. त्या काळच्या इटालियन पद्धतीप्रमाणे संवाद नंतर स्टुडिओत भरलेले आहेत, नट वेगवेगळ्या देशांचे होते, त्यामुळे कुठल्याही भाषेत ओठ पूर्ण जुळत नाहीत. इंग्रजीत निदान सूझी झालेल्या जेसिका हार्परचा स्वतःचा आवाज मिळतो, आणि सूझी अमेरिकन आहे. उपशीर्षकं पहिली पंधरा मिनिटं बंद ठेव. पॅटचे शब्द पडद्यावर छापून आले तर पावसातून शब्द वेचायची गंमत कुणालाच मिळणार नाही.

मकरंद (बी ३०२): नोंद केली. आता चित्राचं सांगा. मागच्या महिन्यात सगळे चेहरे केशरी दिसत होते.

नंदिनी (ए ६०१): प्रोजेक्टर ‘डायनॅमिक’वर होता म्हणून. ‘सिनेमा’ मोडवर ने, रंगतापमान ६५०० केल्विनच्या जवळ किंवा ‘वॉर्म’. ऑटो कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन आणि मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय, तिन्ही बंद. शार्पनेस कमी. आणि भिंतीवर अजिबात नको, पडदा लाव. क्लबहाउसची भिंत क्रीम रंगाची आहे, तिच्यावर निळा मळकट होतो आणि लाल विटकरी. या सिनेमात ते दोनच रंग गेले तरी सगळं गेलं.

रंग जुळवताना शाळेतला प्रसंग लावू नकोस, तिथे बरोबर काय ते कळणारच नाही. विमानतळावरचा किंवा तलावातला प्रसंग लाव. तिथे माणसांची कातडी माणसांसारखी दिसली पाहिजे. ती तशी दिसली की पुढचा लाल आणि हिरवा हा सिनेमाचा, आपल्या प्रोजेक्टरचा नव्हे.

मकरंद (बी ३०२): आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात त्या? झूम करून पडदा भरू का? मागच्या वेळी दोघांनी तसं सुचवलं होतं.

नंदिनी (ए ६०१): कृपया नको. सिनेमा २.३५ : १ आहे. आपला पडदा ८ फूट रुंद, म्हणजे चित्राची उंची साधारण ३ फूट ५ इंच येईल आणि वर-खाली साडेसहा-साडेसहा इंच काळं राहील. झूम केलंस तर दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं. आंधळा पियानोवादक डॅनियल रात्री चौकात एकटा उभा राहतो तो प्रसंग आठव. म्युनिकचा क्यॉनिग्सप्लाट्झ, तीन बाजूंना प्रचंड खांबांच्या इमारती, मध्ये एक माणूस आणि त्याचा कुत्रा. ती रिकामी जागा कापलीस तर भीती कशाची वाटणार?

श्रीकांत (सी १०४): तोच चौक नाझींच्या सभांना वापरला जायचा. प्रसंगात त्याचा उल्लेख नाही, पण जागा निवडणाऱ्याला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तिथेही आवाज बघा : कुत्रा भुंकायला लागतो, वरून पंखांची फडफड ऐकू येते, इमारतीवरून सावली सरकते. डॅनियलला फक्त ऐकू येतंय आणि दिग्दर्शकाने आपल्यालाही जवळपास तेवढंच दिलंय. हल्ला मात्र भलत्याच बाजूने होतो.

तन्वी (सी २०३): रंगांबद्दल विचारायचं होतं. हा ‘टेक्निकलर’ म्हणजे जुन्या तीन रिळांच्या कॅमेऱ्यावर काढलाय असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं.

नंदिनी (ए ६०१): ते चूक. कॅमेऱ्यात साधी ईस्टमन निगेटिव्ह होती. टेक्निकलर आलं ते प्रिंट काढताना. निगेटिव्हवरून तीन वेगळे साचे बनवायचे, प्रत्येक एका रंगात बुडवायचा, पिवळा, मॅजेंटा, सायन, आणि कोऱ्या फिल्मवर एकामागून एक दाबायचा. साडीवर ठशांची छपाई करतात तसं, फक्त इथे ठसा केसभरही हलून चालत नाही. प्रत्येक रंग स्वतंत्र असल्यामुळे लाल हवा तेवढा गडद करता येतो आणि तो शेजारच्या निळ्यात मिसळत नाही. १९७७ मध्ये ही पद्धत मोडीत निघत होती. रोमच्या प्रयोगशाळेत त्या पद्धतीने निघालेल्या अखेरच्या काही सिनेमांतला हा एक.

पण अर्धं काम त्याआधी सेटवरच झालेलं आहे. छायालेखक लुचानो टोव्होलीने रंगीत कापड आणि टिश्यू कागद ताणलेल्या चौकटी नटांच्या अगदी जवळ आणल्या आणि त्यांतून प्रखर आर्क दिवे मारले. म्हणून रंग चेहऱ्यावर पसरत नाही, चेहऱ्याला चिकटतो. टॅक्सीत सूझीच्या तोंडावरून लाल-निळा-हिरवा सरकतो तेव्हा बाहेर तसा दिवा कुठे आहे का ते शोधून बघ. नाहीच आहे. आर्जेंतोसमोर नमुना होता तो डिस्नीच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’चा, आणि परीकथेत प्रकाश कुठून येतो हे कुणी विचारत नाही.

श्रीकांत (सी १०४): परीकथा म्हणालात म्हणून सांगतो, दारांच्या मुठी बघा. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येत नाहीत. त्या जवळजवळ मुलींच्या डोक्याच्या उंचीला आहेत. आर्जेंतोला मुळात १२ वर्षांच्या आसपासच्या मुली हव्या होत्या. एवढ्या लहान मुलींवर असला सिनेमा कोण दाखवू देणार? निर्माता त्याचा वडीलच, साल्वातोरे आर्जेंतो, त्यानेही नकार दिला. मग मोठ्या मुली घेतल्या, पण संवाद फारसे बदलले नाहीत आणि मुठी उंच लावल्या. ‘स’वरून सुरू होणारी नावं सापांची असतात असं चिडवत शाळेतल्या दोन मुली एकमेकींना जीभ दाखवतात, ते विशीतल्या मुलींच्या तोंडी विचित्र वाटतं ते याचमुळे.

तन्वी (सी २०३): हे मला खरंच खटकलं होतं, वाईट लेखन समजत होते. आता तो भाग वेगळ्या नजरेने बघेन. तरी प्रोफेसर मिलियसचा प्रसंग मात्र सपाट आहे यावर मी ठाम आहे. भर दुपारी, बीएमडब्ल्यूच्या इमारतीपाशी उभं राहून चेटकिणींची माहिती एका दमात. इतका वेळ जे ऐकून-बघून कळत होतं ते तिथे बोलून दाखवलंय.

नंदिनी (ए ६०१): त्यावर मी भांडणार नाही. उजेड आणि काच यांचा विरोध मुद्दाम असेल, पण प्रसंग लांबलाय. तिथे पाणी प्यायला उठलात तरी चालेल. त्याच्या बदल्यात अळ्यांची रात्र डोळे उघडे ठेवून बघा. छतातून अळ्या पडतात, माळ्यावरच्या पेट्यांतलं अन्न कुजलं असं शिक्षिका सांगतात आणि सगळ्या मुली सरावाच्या हॉलमध्ये चादरींचे पडदे लावून झोपतात. दिवे गेले की हॉल लाल होतो. एका चादरीमागे सावली आडवी होते आणि घरघर, मध्येच शिट्टीसारखा श्वास सुरू होतो. सारा तो ओळखते : संचालिका बाहेरगावी असल्याचं सांगितलंय, पण ही तीच. म्हणजे मुख्य चेटकीण हेलेना मार्कोस सिनेमाच्या मध्यालाच पडद्यावर, मुलींच्या शेजारी झोपलेली आहे. शेवटी ती पुन्हा झिरझिरीत पडद्यामागे, त्याच श्वासासह भेटते. पहिल्या खेपेला तो श्वास आपण वातावरणनिर्मिती म्हणून सोडून देतो.

श्रीकांत (सी १०४): आणि पावलं! शिक्षिका रात्री घरी जातात असं दाखवतात, पण पावलांचा आवाज बाहेरच्या दाराकडे जात नाही, आत जातो. सारा पावलं मोजून ठेवते, सूझी शेवटी तीच मोजणी धरून चालते. मी तर म्हणेन या सिनेमातली खरी तपासणी कानांनीच चाललेली आहे. पोलीस-बिलीस नावापुरते.

मकरंद (बी ३०२): संगीतात तबला आहे हे खरं का?

श्रीकांत (सी १०४): हो. तबला, बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य, घंट्यांसारखा वाजणारा सेलेस्टा आणि मूग सिंथेसायझर, वर गॉब्लिनच्याच क्लाउदिओ सिमोनेत्तीची कुजबुज. तबला आहे म्हणून कायदा-रेला अशा शास्त्रीय रचना शोधू नका, तो घुमण्यापुरता घेतलाय. सेलेस्टावर अंगाईसारखी चाल, खाली ते घुमणं, मध्ये सुस्कारे. काही संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि सेटवर मोठ्याने वाजवलं जायचं. संवाद नंतर भरायचे असल्यामुळे ते परवडत होतं.

शिरीष (सेक्रेटरी): डिस्क कुठली आहे? गेल्या वेळी प्रत खराब निघाली होती.

मकरंद (बी ३०२): ४के वरून केलेली, टोव्होलीने स्वतः तपासलेली २०१७ ची. आधीच्या काही प्रतींत कॉन्ट्रास्ट इतका चढवला होता की पांढरे भाग जळून गेले होते.

नंदिनी (ए ६०१): उत्तम. एक शेवटची विनंती : साराचा प्रसंग चालू असताना कुणी बोलू नका. ती कडी लावून बसते, दाराच्या फटीतून वस्तरा आत येतो आणि कडी उचलायचा प्रयत्न करत राहतो. घाई नाही. पातं वर येतं, कडी निसटते, पातं पुन्हा खालून येतं. ती ट्रंका रचून वरच्या छोट्या खिडकीतून सुटते आणि निळ्या उजेडातल्या खोलीत उडी टाकते. खाली तारांची भेंडोळी आहेत. बघायचं ते हे की दार उघडलं असतं तर काय झालं असतं हे कधीच कळत नाही. दार तिला फक्त त्या खिडकीकडे ढकलण्यापुरतं वापरलंय.

तन्वी (सी २०३): पटलं. मी पुढच्या रांगेत. आणि पुढच्या महिन्यात ‘इन्फर्नो’? १९८० चा, आर्जेंतोच्याच ‘तीन माता’ म्हणजे तीन चेटकिणींवरच्या या मालिकेतला दुसरा.

मकरंद (बी ३०२): पोल टाकतो. शनिवारी ७ ला दोघं जण पडदा ताणायला आणि खिडक्यांना काळं कापड लावायला लवकर या. हॉलच्या पश्चिमेच्या दोन खिडक्यांतून समोरच्या विंगचा दिवा सरळ पडद्यावर येतो.

श्रीकांत (सी १०४): मी ६:३० लाच येतो, स्पीकरच्या वायरी तपासायच्या आहेत. डावा-उजवा उलट जोडलेला चालणार नाही.