फुकटचे ब्रश: कचरा की शिदोरी?

खडूमास्तर (धागाकर्ता)

'पोतराज' यांची पोस्ट वाचली आणि प्रतिसादाच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: टॅबलेटवर चित्रं काढायचे डिजिटल ब्रश फुकट वाटणं म्हणजे कचरा वाटणं. तीनशे ब्रशांच्या बोचक्यात दोनशे नव्वद एकाच गोल टोकाची भावंडं. शिकाऊ माणूस चित्र सोडून ब्रशच गोळा करत बसतो. तेव्हा वाटणाऱ्यांनी पैसे लावावेत, आपोआप गाळणी लागेल.

आधी त्या गाळणीचं बघू. चित्रकार काइल वेबस्टरचे फोटोशॉपचे ब्रश पैसे मोजून घ्यावे लागत. २०१७ साली ते फोटोशॉपवाल्या अडोबीने घेतले आणि तेव्हापासून वर्गणीसोबतच मिळतात. वेगळी किंमत गेली म्हणून ते रातोरात वाईट झाले का? दुसरीकडे चित्रकार डेव्हिड रेवॉय क्रिटा या मोफत चित्रप्रोग्रॅमसाठीचे ब्रश वर्षानुवर्षं मोफत देत आलाय, आणि त्यावर हात बसलेले लोक विकतचं काही शोधत नाहीत. किंमत आणि दर्जा यांची सोयरीक कुणी जुळवली?

दुखणं फुकटपणात नाही, अर्धवट बांधून पाठवण्यात आहे. ब्रश म्हणजे एक फाइल नव्हे. गिंप या दुसऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये टोक (कॅनव्हासवर उमटणारा शिक्का) जीबीआर किंवा जीआयएच फाइलमध्ये, पेनच्या दाबाचं गणित जीडीवायएनमध्ये आणि टूल प्रीसेट (साठवलेली सेटिंगं) जीटीपीमध्ये. लोक फक्त टोक पाठवतात आणि खाली लिहितात 'दाबाला सुंदर प्रतिसाद देतो'. देईल कसा? दाब तुमच्याच मशीनवर राहिला!

क्रिटाचं बंडल (सगळं एकत्र बांधलेली फाइल) करताना प्रीसेट उचलतात, पण त्याचं टोक आणि पोताचा पॅटर्न यादीत आलेत का हे बघत नाहीत. तपासायला दोन मिनिटं लागत नाहीत. बंडल आतून झिपच असतं. प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून उघडा आणि 'ब्रशेस', 'पॅटर्न्स' आणि 'पेंटऑपप्रीसेट्स' हे फोल्डर बघा. प्रीसेट बारा आणि 'ब्रशेस' रिकामा असेल, आणि तुमची टोकं स्वतः बनवलेली असतील, तर ती समोरच्याकडे पोचतीलच याची खात्री नाही.

हे नीट केलं तर फुकट वाटण्यात गैर काय, ते पोतराजांनी सांगावं.

पोतराज

मास्तर, छडी खाली ठेवा. मी 'कचरा' म्हणालो तो फाइल तुटते म्हणून नाही. न तुटता चालणारे ब्रशही कचराच असतात.

ठरलेला नमुना बघा. टोक २५०० बाय २५०० पिक्सेल, कारण मोठं म्हणजे भारी. स्पेसिंग (दोन शिक्क्यांमधलं अंतर) २ टक्के, कारण रेघ गुळगुळीत दिसते. आता गणित करा. ब्रशची साइज ५०० ठेवली तर दर १० पिक्सेलला एक शिक्का. १००० पिक्सेलच्या रेघेला १०० शिक्के, प्रत्येक अडीच लाख पिक्सेलचा, म्हणजे एका रेघेला अडीच कोटी पिक्सेलांची ढवळाढवळ. स्पेसिंग १० टक्के केलं तर हेच काम पन्नास लाखांत होतं, आणि खडबडीत टोकाला डोळ्याला फरक कळत नाही. गुळगुळीत काठाच्या शाईच्या ब्रशाला कमी स्पेसिंग लागतं, कबूल. पण खडू, कोळसा, स्पंज यांना २ टक्के? पोतच पुसला जातो! शिक्क्यावर शिक्का बसून दाणे भरून निघतात आणि उरतो राखाडी पट्टा. मग वापरणारा म्हणतो 'माझा टॅबलेट जुना झाला वाटतं'.

ज्याला पैसे मागायचेत तो निदान एकदा रेघ ओढून बघतो.

निबनवमी

स्पेसिंगबद्दल पोतराजांना +१. बाकीच्याला नाही.

माझी तक्रार वेगळीच. 'एबीआर (फोटोशॉपची ब्रश-फाइल) आहे, सगळीकडे चालेल' हे वाक्य लिहिणाऱ्याला पुढचे सहा महिने फक्त माउसने रंगवायला लावावं. गिंप आणि क्रिटा एबीआर उघडतात, पण त्यातून हाती येतं ते टोकाचं चित्र. फोटोशॉपमधलं स्कॅटरिंग, ड्युअल ब्रश, टेक्स्चर या सेटिंगांतलं काही येत नाही. आयपॅडवरचं प्रोक्रिएट पाचव्या आवृत्तीपासून एबीआर घेतं, क्लिप स्टुडिओही घेतं, पण त्यांची इंजिनं वेगळी, तेव्हा रेघ तीच येईल याची हमी नाही. सरळ लिहा ना: 'अमुक प्रोग्रॅमच्या अमुक आवृत्तीत बनवला, बाकीकडे फक्त टोक मिळेल.' एवढ्या एका ओळीने निम्मी रडारड थांबेल.

आणि उलट्या टोकांचं काय? फोटोशॉपात नि गिंपमध्ये काळं रंगतं, पांढरं पारदर्शक. प्रोक्रिएटच्या शेपमध्ये (म्हणजे टोकाच्या चित्रात) पांढरं रंगतं. पीएनजी तशीच उचलून टाकली की खडूऐवजी मधोमध भोक असलेली फरशी उमटते. इन्व्हर्ट करायला एक टिचकी लागते. वाटणाऱ्याने दोन्ही पीएनजी दिल्या तर कुणाचं काय जातं?

रेघोट्या

अवांतर होतंय, पण चौकोनाचा विषय निघालाच आहे तर: सुलट टोकातही रेघेभोवती फिकट चौकोनी सावली का दिसते? घरगुती ब्रशांमध्ये फार. उतरवलेल्या संचातले अर्धे ब्रश यासाठी टाकून द्यावे लागतात.

पोतराज

कारण पार्श्वभूमी पांढरी नसते, पांढरी *दिसते*. हाच तो कचरा.

सांधेजोड

रेघोट्या, याचं नाव २५३.

पिक्सेलचा उजळपणा ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा मोजतात. टोकाच्या कडेला शुद्ध पांढरा म्हणजे २५५ हवा. स्कॅन केलेल्या कागदावर तो २५३ किंवा २५१ असतो आणि डोळ्याला कळत नाही. २५३ म्हणजे तो पिक्सेल २५५पैकी २ एवढा रंग सोडतो, म्हणजे ०.८ टक्का. एका शिक्क्यात अदृश्य. पण स्पेसिंग ५ टक्के असेल तर रेघेतल्या एकाच जागेवर २० शिक्के पडतात. दर शिक्क्याला उरलेल्या पांढऱ्याचा ०.८ टक्का जातो, वीस वेळा. बेरीज जवळजवळ १५ टक्के. १५ टक्के राखाडी आंधळ्यालाही दिसेल. स्पेसिंग २५ टक्के केलं तर चारच शिक्के, तीन टक्क्यांवर निभावतं.

बनवणाऱ्याला ते का दिसत नाही? कारण तो १० टक्के फ्लोवर (दर शिक्क्याला सुटणाऱ्या रंगाचं प्रमाण) तपासतो. २चा दहावा हिस्सा ०.२, आणि ८ बिटच्या, म्हणजे पूर्ण आकडेच ठेवणाऱ्या, कॅनव्हासवर तो बहुधा शून्यात जमा होतो. तुम्ही फ्लो १०० केलात की भूत उठून बसतं.

इलाज: लेव्हल्समध्ये पांढऱ्याची सरकपट्टी २५५वरून २४५ला आणा, म्हणजे २४५च्या वरचं सगळं शुद्ध पांढरं. काम झालं.

निबनवमी

काम झालं? अहो सांधेजोड, कामाचा निकाल लागला! खडूच्या कडेचा जो भुगा असतो तो २४५ ते २५५मध्येच राहतो. लेव्हल्सने ओरबाडलात की मऊ कड कापली जाते आणि एअरब्रशला तर चक्क किनार दिसते. हे असले रामबाण उपाय वाचूनच सगळ्यांचे खडू कात्रीने कापल्यासारखे दिसायला लागलेत.

आधी तपासा, मग मारा. थ्रेशोल्ड २५५ला न्या. शुद्ध पांढरं सोडून सगळं काळं दिसेल. घाण फक्त कडेला असेल तर लॅसोने टोकाभोवती सैलसर वेढा घाला, सिलेक्शन उलटं करा, दहा-वीस पिक्सेल फेदर (कडेला मऊ उतार) द्या आणि शुद्ध पांढरा भरा. आतल्या भुग्याला धक्का नाही.

सांधेजोड

फेदर दिलंत म्हणजे काठाजवळ अर्धवट पांढरं राहिलंच की. २५३चं २५४ झालं, एवढंच. आणि वेढा टोकाच्या चौकटीला चिकटला तर फेदर मधेच कापला जातो.

निबनवमी

'सैलसर' हा शब्द वाचला का? चौकटीभोवती २० पिक्सेल समास ठेवायचा हे ब्रश बनवणाऱ्याला सांगावं लागत असेल तर त्याने बनवूच नये!

सांधेजोड

म्हणजे शेवटी तुम्हीही पोतराजांच्याच पंगतीत. छान.

खडूमास्तर

अहो, विषय ब्रश वाटण्याचा होता.

रेघोट्या

राहू द्या मास्तर, हे जास्त कामाचं चाललंय. स्कॅन केलं नाही, तरी २५३ येतो तो कुठून?

सांधेजोड

जेपेगमधून. जेपेग चित्राचे ८ बाय ८चे ठोकळे करून दाबतं. पांढऱ्यावर काळा ठिपका असलेल्या ठोकळ्यात ठिपक्याभोवती किडे वळवळतात: २५२, २५४, २४९. वर तुम्ही कॉन्ट्रास्ट वाढवलात की ठोकळ्यांची जाळीच दिसते. नंतर पीएनजीत सेव्ह करून ते जात नाहीत. पीएनजी फक्त ते किडे जपून ठेवतं. स्कॅन ६०० डीपीआयला करा, सुरुवातीपासून टिफ किंवा पीएनजी. पॅटर्नवाल्यांनी तर जेपेगला हातच लावू नये.

मायबोटे

या सगळ्या भुतांवर उतारा: मायपेंट या मोफत प्रोग्रॅमचे ब्रश. त्यांना चित्राचं टोक नसतंच, गोल किंवा लंबगोल ठिपके मोजून टाकले जातात. फाइल म्हणजे साधा मजकूर, काही किलोबाइट. तोच ब्रश मायपेंटमध्ये, २.१० पासूनच्या गिंपमध्ये आणि ५.० पासूनच्या क्रिटात उघडतो. २५३ नाही, हरवलेलं टोक नाही.

पोतराज

आणि खडूचा दाणाही नाही. डोकं नाही म्हणून डोकेदुखी नाही, त्यातलाच प्रकार.

मायबोटे

ठिपके विखुरून दाणा आणता येतो. खऱ्या कागदाचा येत नाही, तेवढं मान्य. (क्रिटाच्या चौथ्या आवृत्तीवर अडलेल्यांना हे ब्रश दिसणार नाहीत, कारण ते इंजिनच पाचव्यात आलं. हेही वाटताना लिहावं लागतं.)

सांधेजोड

पॅटर्नचा विषय मीच काढला, तर पुरा करतो. 'सीमलेस' (बिनशिवणीचा) लिहून वाटलेल्या पॅटर्नांपैकी बहुतेकांची शिवण लपवलेली असते, उजेड नाही. ऑफसेट फिल्टरने अर्धी रुंदी, अर्धी उंची सरकवतात, मधे आलेला क्रॉस क्लोनने बुजवतात आणि खूश होतात. पण फोटो एका बाजूने उजळ असेल तर दहा वेळा भरल्यावर पट्टे पडतात, शिवण कितीही झाकलेली असो. हाय-पास (असा कमीजास्त उजेड सपाट करणारा फिल्टर) आधी, ऑफसेट नंतर. रेडियस दाण्याच्या कितीतरी पट मोठा घ्या, नाहीतर पोतच सपाट होतो. तपासायला क्रिटात डब्ल्यू दाबा, रॅपअराउंड मोड (चित्र सगळीकडे जोडून दाखवणारा) चालू होतो. मग झूम कमी करत जा आणि डोळे किलकिले करून बघा. एखादा ठळक डाग दिसला की तो पुसायचा, कारण वापरणाऱ्याला पॅटर्न दिसत नाही, रांगेत उभा असलेला तो डागच दिसतो.

कलमबहाद्दर

सगळे पिक्सेल मोजताय, मूळ फोटो कुणाचा हे कुणी विचारलं नाही. स्टॉक टेक्स्चर स्वतःच्या चित्रात वापरायची परवानगी असणं वेगळं आणि त्याचं टोक करून फाइल वाटणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला बहुतेक ठिकाणी साफ मनाई असते. 'मी तो ब्लॅक अँड व्हाइट केला' हा बचाव नाही.

दुसरं, परवाना. ब्रशाला 'नॉन-कमर्शियल' चिकटवणारे लोक नेमकं काय म्हणतात? फाइल विकू नका, की तिने काढलेलं चित्र विकू नका? साध्या खडूच्या रेघेत टोकाची ओळख उरत नाही. पण पानाचा, लेसचा शिक्का असेल तर चित्रात तुमचं मूळ रेखाटन जसंच्या तसं बसतं, आणि पॅटर्न तर अख्खाच उतरतो. तिथे 'एनसी' (तेच नॉन-कमर्शियल) बघून शहाणा माणूस हात मागे घेतो.

खडूमास्तर

फुकट दिलंय, वर अटही घालू नये का?

कलमबहाद्दर

घाला की! पण कळेल अशी. 'यांनी काढलेली चित्रं खुशाल विका, ही फाइल मात्र विकू नका.' एक वाक्य. नाहीतर सीसी-झीरो (सगळे हक्क सोडणारा परवाना) लावा आणि मोकळे व्हा. एनसी लावायचं आणि मग 'कुणी वापरत नाही हो' म्हणून गळा काढायचा, हे चालणार नाही.

पोतराज

चला, म्हणजे फुकट वाटायचं तर टोक, दाब, पॅटर्न, आवृत्ती, उलट-सुलट पीएनजी, थ्रेशोल्ड, समास, परवाना, एवढं सगळं बघायचं. हे सगळं करणारा माणूस तीनशे ब्रश वाटेल का? बारा वाटेल. मग मी काय वेगळं बोललो होतो?

खडूमास्तर

तुम्ही 'पैसे लावा' म्हणाला होतात.

पोतराज

ते मागे घेतो. 'कचरा'सुद्धा मागे घेतो, 'अडगळ' करा. पण बाराच्या वर एकही नको, आणि सोबत प्रत्येक ब्रशाच्या तीन रेघांचा कागद: हलका दाब, पूर्ण दाब, आणि फ्लो १०० टक्के. फ्लो १०० ची रेघ लपवली असेल तर मी ती फाइल उघडणारसुद्धा नाही.

निबनवमी

तीन नव्हे, चार. कलतीही हवी. टिल्टला (पेनच्या कलाला) ब्रश बांधायचा आणि टिल्ट नसलेल्या पेनवाल्याला सांगायचंच नाही, हा वेगळा गुन्हा आहे.

सांधेजोड

आणि स्कॅन ६०० डीपीआयला.

रेघोट्या

थ्रेशोल्ड लावून बघितला. टोकाभोवती पूर्ण काळी चौकट निघाली, आत एक पांढरी फट नाही. लॅसो की लेव्हल्स, आता भांडा.